खाली यायला चाळीस सेकंद

६ जानेवारी २०१९, रविवार, सकाळी ८ वाजून २० मिनिटे

दादास नमस्कार.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी सायकलच्या दातेरी चाकाचा एक दाता कानशीने घासत होतो. रविवारी कॉलेजचं वर्कशॉप बंद असतं, पण किल्ली माझ्याकडे असते. दाता तिसऱ्यांदा घासला, तिसऱ्यांदा घसरला, तेव्हा कानस ठेवली आणि वही ओढली.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. इथे विद्यार्थ्यांची एक स्पर्धा आहे. काहीतरी नवीन बनवायचं आणि ते दोन अटींत बसवायचं. ज्यांना कुणी कामावर उभं करत नाही अशांना त्याने सामावून घेतलं पाहिजे, आणि ते टाकाऊ मालातून झालं पाहिजे. फॉर्मवर याला ‘समावेशन’ आणि ‘शाश्वतता’ म्हटलंय. दोन्ही शब्द मी कोशात बघून लिहिले आहेत.

गटात एक माणूस कॉलेजबाहेरचा हवा असा नियम आहे. गटप्रमुख ही शेवटच्या वर्षाची मुलगी आहे, जाड चष्मा लावते. ती सरांना म्हणाली, “हा आठवीत शाळा सोडलेला वेल्डर आहे आणि आमच्या सगळ्यांपेक्षा सरळ जोड मारतो.” मला आधी वाटलं माझी थट्टा चाललीय. मग तिने नोंदवहीसुद्धा माझ्याच हातात दिली. रोज तारीख, वेळ, काय केलं, किती मापाचं, सगळं मी लिहायचं. माझं शुद्धलेखन बघून दिली म्हणे.

आम्ही करतोय ती एक खुर्ची आहे. पाय निकामी झालेल्या माणसाला ती उभं करते. बसची जुनी सीट, स्कूटरचे शॉक, सायकलची चाकं. बाजूचा दांडा पंपासारखा हलवला की सीट हळूहळू उभी होते, माणूस पट्ट्यांत उभा राहतो आणि त्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. अडचण अशी की अर्ध्या उंचीवर दात्यात अडकून धरणारा खटका सुटतो आणि सगळं धाडकन खाली येतं. काल साठ किलो वाळूची पोती अशीच खाली आली. फरशी फुटली. पोत्यांच्या जागी माणूस असता तर त्याचा मणका गेला असता.

तू तिथे लोहारकामात आहेस म्हणून विचारतो. खटका धरून कसा ठेवावा?

कुणासाठी करताय, असं तू विचारशील. भंगार बाजारातले एक काका आहेत. उंची ५ फूट ६ इंच, वजन ६८ किलो.

तुझा,
धाकटा


१७ जानेवारी

बारक्या,

पत्र बराकीत मोठ्याने वाचून दाखवलं. समावेशन म्हणजे काय ते सगळ्यांना आवडलं. चौदा जणांच्या जागेत आम्ही एकतीस जण सामावलोय, तुझ्या त्या मॅडमना विचार आम्हाला काही बक्षीस आहे का. आणि टाकाऊ मालाचं म्हणशील तर इथे दुसरा मालच नाही.

परवा टॉवेलवरून दोघांची जुंपली. एकाने दुसऱ्याचा कान दातांनी तोडला. तोडला म्हणजे तुकडा खाली पडला. हवालदार विचारतो कान कुठाय, तर तो मांजर घेऊन पळालेलं. मी मध्ये पडलो तर मागून एकाने पत्र्याची धार लावलेली पट्टी काढली. पक्कडने त्याचा हात धरून असा फिरवला की कोपर दुसऱ्या बाजूला वाकलं. पक्कड माझ्या शेजारच्या अंथरुणावर झोपतो. धरलं की सोडत नाही म्हणून पक्कड. माझ्यासाठी जीव देईल असा एवढाच माणूस इथे आहे.

आता खटक्याचं ऐक. एकच लावलास तिथेच चुकलास. दोन लाव. समोरासमोर नाही, अर्ध्या दात्याच्या फरकाने. एक उचलेल तेव्हा दुसरा धरून ठेवेल. खाली आणतानाही दोन्ही एकदम सुटू देऊ नकोस. एक दाता याचा, एक दाता त्याचा. वेळ लागेल, पण माणूस पडणार नाही. चित्र मागच्या बाजूला काढलंय.

चौदा जूनला सुटतोय. आधी तुझ्याकडे येईन, जेवेन, झोपेन. मग ते राहिलेलं काम. कारकूनसाहेब, तुम्ही हे वाचत असाल तर हे आमचं घरगुती काम आहे, तुम्ही शिक्का मारा.

दादा


२७ जानेवारी २०१९, रविवार, दुपारी ४ वाजून ५ मिनिटे

दादास नमस्कार.

आत्ताच बोटाची पट्टी बदलली. मधलं बोट दोन खटक्यांच्या मध्ये सापडलं होतं, नख मुळापासून गेलं. पण दादा, खुर्ची धरते! सत्तर किलो वाळू ठेवली, दोनशे वेळा वर-खाली केली, एकदाही घसरली नाही. गटप्रमुख मुलीने तुझं चित्र नोंदवहीत चिकटवलंय. खाली ‘रचना: वेल्डरचे मोठे बंधू’ असं लिहायला लावलं. तू कुठे असतोस ते मी तिला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “मग त्यांना वेळ असेल, पट्ट्यांचंही विचार.”

आता दुसरं. हे लिहायला तीन कागद फाडले.

राहिलेलं काम सोडून दे. कोर्टात तू काटेवाल्याकडे बोट करून म्हणालास, “सुटलो की याला संपवतो.” तेव्हापासून मी दिवस मोजतोय, आणि लोक सुटकेचे दिवस मोजतात तसे मला मोजता येत नाहीत. आज १३८ राहिले.

शेठच्या भंगार यार्डात वजन करणाऱ्या त्या माणसाने काय केलं होतं? शेठचा काटा विसाला दोन किलो खातो हे त्याने भंगार वेचणाऱ्या बायकांना सांगितलं. शेठने तुला सांगितलं की तो चोर आहे आणि तुलाही चोर म्हणतो. तू मला म्हणालास, “फाटक लाव.” मी लावलं. कडी नीट बसली का तेही हलवून पाहिलं. मग तू सळई उचललीस. डावा गुडघा एका फटक्यात गेला. उजव्याला तू तीन मारलेस. त्याच्या पँटमधून हाड बाहेर आलं ते मला पांढरं दिसलं नाही, पिवळट दिसलं. तो ओरडत नव्हता. तो आकडा म्हणत होता. अठरा, अठरा, अठरा. वीस किलोच्या पोत्याचं शेठच्या काट्यावर येणारं वजन.

फाटक मी लावलं नसतं तर तो पळाला असता. त्याचे पाय तेव्हा चांगले होते.

तुझा,
धाकटा


८ फेब्रुवारी

बारक्या,

फाटक तुझ्या नावावर नाही. सोळा वर्षांचा होतास. मी सांगितलं, तू केलंस. हा हिशेब तुझ्याकडे कुणी मागितला तर माझ्याकडे पाठव.

पण काटेवाल्याची वकिली करू नकोस. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, मी सतरा. तुला शाळेत घालायला मी शेठच्या यार्डात ओझी उचलली आणि मग माणसं उचलली. पाच वर्षं झाली, शेठने साधी चौकशी केली नाही. तो नालायक आहे, कबूल. पण कोर्टात उभं राहून बोट माझ्याकडे कुणी केलं? शेठकडे नाही केलं. माझ्याकडे केलं. इथे रोज सकाळी हजेरीला उभा राहतो तेव्हा मला ते बोट दिसतं. ते विसर म्हणतोस? पुन्हा लिहिलंस तर पत्र न वाचता फाडीन.

पट्ट्यांचं सांगतो. गाडीतल्या सीटचे पट्टे घे, ते तुटत नाहीत. एक छातीला, एक कमरेला, एक गुडघ्यांच्या पुढून. बक्कल मागच्या बाजूला लाव, पुढे असलं की काम करताना हाताला अडकतं. माणसाने मागचा विचार करू नये, पुढे बघून काम करावं.

खुर्चीचं तुझं पत्र मी उस्तादांना दाखवलं. ते इथले लोहारकाम शिकवणारे. म्हणाले, “पंधरा वर्षांत इथून खरं काही बाहेर गेलेलं हे पहिलं.” त्या दिवशी मला नीट जेवण गेलं.

पक्कड एक मार्चला सुटतो. तुला येऊन भेटेल.

दादा


२४ फेब्रुवारी २०१९, रविवार, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे

दादास नमस्कार.

वर्कशॉपच्या पायरीवर बसून लिहितोय. मांडीवर नोंदवही आहे, तिच्यावर कागद. फाडायचं असेल तर पुढचं वाचून मग फाड.

खुर्ची काटेवाले काकांसाठी आहे. पहिल्या दिवसापासून त्यांच्यासाठीच होती. मी तुझ्यापासून लपवलं.

मी त्यांच्या दाराशी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी चहाचा कप फेकून मारला. माझ्या भुवईवर तीन टाके आहेत, ते त्याचे. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा विचारलं, “फाटक लावणारा तो तूच ना?” मी हो म्हटलं. म्हणाले, “मग आत ये. आणि दार उघडं ठेव.”

दोन खटक्यांची युक्ती तुझी आहे हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी दांडा एकदा हलवून पाहिला. मग म्हणाले, “मोडायला आणि जोडायला एकच कारागीर. मजुरी दोन्हीकडून घेतो का?” आणि हसले. दादा, खरंच हसले. पहिल्यांदा पूर्ण उभे राहिले तेव्हा म्हणाले, “बारक्या, साडेचार वर्षांनी माणसांची डोकी वरून दिसली. इतके दिवस नुसती पोटं आणि कमरेचे पट्टे बघतोय. तुझ्या डोक्यात कोंडा आहे.”

वेचणाऱ्या बायकांनी वर्गणी काढून स्वतःचा काटा घेतला आहे. जुन्या पद्धतीचा आहे, खाली फळी आणि छातीच्या उंचीवर दांडी. दांडीवरचं वजन सरकवायला आणि आकडा वाचायला उभंच राहावं लागतं. बायकांना दुसरा कुणी काटेवाला नको आहे.

परीक्षक बघायला येणार आहेत ती वेळ ठरली. बुधवार, १३ मार्च, सकाळी ११ वाजता, भंगार बाजाराच्या मागच्या बाजूला, बायकांच्या नव्या काट्यापाशी. काका १०.४५ ला पट्ट्यांत चढतील. उभं व्हायला ५५ सेकंद, खाली यायला ४०. तू म्हणालास तसं दोन्ही खटके एकदम सुटत नाहीत. बक्कल मागे आहे, तेही तुझ्या सांगण्याप्रमाणे.

मी हे सगळं बारीक लिहितोय कारण ही तुझ्या हातची वस्तू आहे. लहानपणी मला लाकडी ट्रक करून दिला होतास, माझ्याकडून त्याचं चाक निघालं तर मला मारलं नाहीस, चाक बसवलंस. तू केलेली वस्तू तू कधी मोडली नाहीस. त्या वेळी, अकरा वाजता, तू तिथे आहेस असं समज.

तुझा,
धाकटा


५ मार्च

बारक्या,

वाचलं. तीनदा वाचलं. पक्कड सुटायच्या आदल्या दिवशी त्यालाही वाचून दाखवलं. त्याने तारीख, वेळ, जागा लिहून घेतली. माझ्या वतीने तो येईल.

तुझं अक्षर खूप सुधारलंय.

दादा


२१ मार्च २०१९, गुरुवार, सकाळी ११ वाजून १५ मिनिटे

दादा,

उजव्या खांद्याचं हाड मोडलंय, डाव्या हाताने लिहितोय. अक्षराबद्दल माफ कर. आत्ता पोलीस चौकीतून आलो, तिसरी जबानी देऊन.

तुझं पाच तारखेचं पत्र मला बारा तारखेला मिळालं. मी ते खिशात घालून काकांकडे धावत गेलो आणि सांगितलं, “दादा निवळला. आपला माणूस पाठवतोय बघायला.” काका म्हणाले, “बघू.” मी रात्रभर नीट झोपलो, पाच वर्षांत पहिल्यांदा.

तेराला सकाळी १०.३८ ला एक माणूस आला. रुंद मनगटं, हातात गोणपाटाची गुंडाळी. म्हणाला, “मी पक्कड. दादाकडून.” मी त्याला मिठी मारली. पुढच्या रांगेत खुर्ची दिली. पाणी आणून दिलं. त्याने मला विचारलं, “चढतो कधी तो?” मी घड्याळ बघून सांगितलं, “सात मिनिटांत.”

परीक्षक यायचे होते, गटातली बाकीची मुलं त्यांना आणायला गेली होती. काका उभे राहिले. मी मागून बक्कल लावलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी काटा तपासायला पाच किलोचं लोखंडी वजन हातात घेतलं, फळीवर ठेवणार तेवढ्यात पक्कड उठला आणि गोणपाट सोडलं. आत सळई होती.

पहिला फटका माणसावर नव्हता. खुर्चीच्या दांड्यावर होता. दांडा वाकला, आता काका खाली येऊ शकत नव्हते, ४० सेकंदांत काय, ४० मिनिटांतही नाही. हे त्याला कुणी शिकवलं ते मला तिथेच समजलं. दुसरा फटका डाव्या कोपरावर. हाताचा खालचा भाग लोंबायला लागला. गटप्रमुख मुलगी मध्ये धावली. तिच्या तोंडावर सळईचं टोक बसलं, चष्मा फुटला, पुढचे दोन दात ओठातून बाहेर आले. ती खाली बसून दात शोधत होती आणि मला ओरडून सांगत होती, “बक्कल! बक्कल सोड!”

मी चार सेकंद नुसता उभा होतो. मोजले म्हणून माहीत आहेत. मग त्याच्या पायाला लटकलो. त्याने खांद्यावर मारली. आवाज आतून ऐकू आला. मी पाय सोडला नाही. तो माझ्याकडे वाकला, म्हणजे काकांच्या हाताच्या टप्प्यात आला.

काकांनी उजव्या हातातलं पाच किलोचं वजन त्याच्या कानशिलावर मारलं. एकदाच. तो काट्याच्या फळीवर कोसळला, दांडी उडून वर आदळली. त्याचे पाय माझ्या छातीवर होते आणि थरथरत होते. थरथर थांबायला बराच वेळ लागला. तो सोळा तारखेला दवाखान्यात मेला.

काकांवर खुनाचा गुन्हा लागलाय. हाताला पट्टी आणि पलंगाला बेडी. शेठचा वकील पक्कडच्या बाजूने उभा राहिला, न बोलावता. म्हणतो, तो बिचारा कार्यक्रम बघायला आलेला, सळई तिथेच भंगारात पडली होती, अपंग माणसाने जुन्या रागातून त्याला मारलं. बायकांना शेठने घरी जाऊन दम दिलाय, एकही बोलत नाही. उरलो मी आणि ती मुलगी. मी कैद्याचा भाऊ, आणि तिचा चष्मा सुरुवातीलाच फुटला होता.

एक गोष्ट मी पोलिसांना सांगितली नाही. पक्कड पडल्यावर काका ओरडले, “मला खाली घ्या, याला अजून एक घालतो!” दोनदा ओरडले. पट्ट्यांमुळे वाकता येत नव्हतं, नाहीतर घातला असता. हे फक्त तुला सांगतोय.

वेळ मी लिहून दिली. जागा मी लिहून दिली. बक्कल कुठे आहे, खाली यायला किती सेकंद लागतात, तेही मीच. एकच विचारतो, सरळ उत्तर दे. त्याला तू काय सांगून पाठवलं होतंस?

धाकटा


३० मार्च

बारक्या,

यावर शिक्का नाही. आज सुटणाऱ्या एका माणसाच्या बुटातून येतंय. वाच आणि लगेच जाळ.

सरळ विचारलंस, सरळ सांगतो. मी म्हटलं होतं, हात मोड. दोन्ही. जिवाला लावू नको. उभा राहिला की हात मोड, म्हणजे नुसता उभा राहील. पैसे मी दिले नाहीत, त्याने मागितले नाहीत. मी सांगितलं म्हणून तो गेला.

तुझं चोवीस तारखेचं पत्र वाचलं त्या दिवशी मी लोहारशाळेत घण घेऊन ऐरणीवर मारत सुटलो. चौघांनी धरलं. तू माझ्याच डोक्याने, माझ्याच हाताने त्याला उभं केलंस. मला विचारून केलं असतंस तर एक खटका कच्चा सांगितला असता.

पक्कड मेला ते कळल्यापासून त्याच्या जागेवर कुणाला झोपू दिलेलं नाही. आणखी काही लिहिता येत नाही मला त्याबद्दल.

आता नीट ऐक. चौदा जून. अडुसष्ट... नाही, शहात्तर दिवस राहिले, तूच मोजून बघ. हे पत्र कुणाच्या हाताला लागलं तर मी आणखी दहा वर्षं आत. तुझ्या काकाला वकील सोडवील, अपंगाला कोण फाशी देतंय? मला कोण सोडवील? मी तुला माझ्या ताटातलं खायला घालून मोठा केलाय. आणि हे लक्षात ठेव, तुझंही एक पत्र माझ्याकडे आहे. ‘अजून एक घालतो.’ माझं पत्र तू दिलंस तर तुझं मी देईन.

जाळ. जाळलंस की दोन ओळी लिही, ‘तब्येत बरी आहे’ एवढंच.

दादा


१४ एप्रिल २०१९, रविवार, सकाळी १० वाजता

दादा,

तुझं पत्र मी जाळलं नाही. नऊ दिवस ते नोंदवहीत, तुझ्या खटक्याच्या चित्राशेजारी ठेवलं होतं. दोनदा काडी ओढली. एकदा कागदाचा कोपरा काळा झाला, तो पोलिसांनी पंचनाम्यात लिहून घेतलाय.

आधी दवाखान्यात काकांकडे गेलो. पत्र वाचून दाखवलं आणि हेही सांगितलं की ते काय ओरडले होते ते तुला माहीत आहे, म्हणून मी गप्प बसलो तरी ते बाहेर येणार. काका छताकडे बघत होते. म्हणाले, “ओरडलो होतो मी तसं. खरं तेच सांग. मला अजूनही त्यात चूक वाटत नाही, तेसुद्धा लिहून घ्यायला सांग.” मग म्हणाले, “आणि तू काय करणारेस? भाऊ आहे तुझा.” मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, “मग इथे का उभा आहेस? बस तरी.”

मी बसलो नाही. अकरा तारखेला सकाळी १०.२० ला चौकीत गेलो. तुझी चारही पत्रं दिली, प्रत्येकाची नक्कल आधी करून घेतली, पोच घेतली. काका काय ओरडले ते माझ्या जबानीत घातलं आणि चार महिन्यांत काय काय लपवलं तेही. साहेबांनी विचारलं, “सख्खा भाऊ?” मी म्हटलं, “त्यानेच वाढवलंय.” त्यांनी तेही लिहिलं, जरा चुकीचं लिहिलं, मी दुरुस्त करून घेतलं.

परवा काकांना जामीन मिळाला. पुढचं कोर्ट ठरवील. तुझी चौदा जूनची सुटका रद्द झाली आहे. तुला ते आज-उद्या सांगतील. माझ्याकडून आधी कळावं असं वाटत होतं, पण टपालाला वेळ लागतो.

मी हे कुणाच्या भल्यासाठी केलं असं तुला लिहिणार नाही. तू सुटून आला असतास तर मी तुला जेवायला वाढलं असतं. तू झोपला असतास. आणि उठून तू गेला असतास. मला फाटकाशी उभं राहावं लागलं असतं, लावायला किंवा उघडायला. मला ते पुन्हा जमणार नव्हतं.

स्पर्धा समितीचं पत्र आलं. ‘प्रात्यक्षिकाच्या वेळी सुरक्षेचे निकष पाळले न गेल्याने’ आमची खुर्ची वगळली आहे, आगाऊ दिलेली रक्कम परत करायची आहे. ती मुलगी नव्या चष्म्यातून ते वाचत होती. दात नाहीत म्हणून तिचे शब्द हवेसारखे निघतात. म्हणाली, “निकष! सळई किती मिलिमीटरची चालेल तेवढं विचारून घेऊ.” मग रडली. मग म्हणाली, दांडा सरळ करायला घे, बायका वाट बघतायत. मी डाव्या हाताने सुरुवात केली आहे. बक्कल पुढे घेतोय. खाली यायची वेळ ४० वरून ६ सेकंदांवर आणायची आहे. ती युक्ती तुला विचारणार नाही.

काल पक्कडची आई वर्कशॉपमध्ये आली होती. लहानखुरी बाई, कपडे शिवण्याचं काम करते. तिने कुठलीही चौकशी केली नाही, फक्त जागा दाखव म्हणाली. मी तिला काट्यापाशी घेऊन गेलो. तिने फळीवर हात फिरवला, म्हणाली, “घरून निघताना म्हणाला, मित्राचं छोटंसं काम आहे, जेवायला येतो.” मी तिला सांगितलं की त्याला खुर्ची मी दिली होती, पाणीही मी दिलं होतं. तिने मान हलवली आणि गेली.

मी तुला भेटायला येईन की नाही हे आज सांगता येत नाही. पत्र लिहिलंस तर वाचीन. खाली आजपर्यंतचा हिशेब आहे, कारण तुला लपवून आता काही ठेवायचं नाही.

झालेला खर्च
खुर्चीचं सामान: ४,३१०
काकांचा दवाखाना: २३,४००
माझा खांदा: १,८५०
वकील, पहिला हप्ता: ८,०००
एकूण: ३७,५६०

देणं
समितीला परत: १२,०००
वकील, दुसरा हप्ता: ७,०००
गटप्रमुख मुलीचे दोन दात (ती नको म्हणते): ९,०००
काट्याची दांडी सरळ करणं: १,२००
एकूण: २९,२००

पक्कडच्या आईचं नाव वहीत देण्याखाली लिहिलंय. तिने काही मागितलेलं नाही. आकड्याची जागा कोरी ठेवली आहे.

धाकटा